राउटरचा सीपीयू चढलाय आणि रूट हलताहेत? आधी घड्याळ बघा

“अहो, नेट जातंय, आपोआप येतंय, परत जातंय. मोडेमचे दिवे तर सगळे नीट लागलेत.” इंदुरातल्या एखाद्या छोट्या इंटरनेट पुरवठादाराकडे रामबागेतून, सुदामानगरातून, सियागंजातून असे फोन एकापाठोपाठ यायला लागले, की गडबड ग्राहकाच्या घरात नाही हे उघड असतं. ती पुरवठादाराच्या मुख्य राउटरवर असते. तिथे लॉगइन केलं की बहुतेकदा दोन गोष्टी जोडीने दिसतात: सीपीयू शंभर टक्क्यांना टेकलेला, आणि बीजीपीचे रूट, म्हणजे इतर जाळ्यांकडे जायचे रस्ते, सारखे येताहेत, जाताहेत. मग कुणी म्हणतं राउटर छोटा पडतोय, मोठा घ्या. कुणी म्हणतं रीबूट करून टाका.

मी याच कामात आहे, आणि मला हे दोन्ही सल्ले घाईचे वाटतात. चढलेला सीपीयू आणि हलणारे रूट ही एकमेकांची कारणंही असतात आणि परिणामही. आधी कोण बिघडलं हे न शोधता केलेला उपाय लागला तर लागला. आणि आधी कोण, याचं उत्तर बहुतेक वेळा राउटरच्या लॉगमधल्या वेळांतच असतं. तो लॉग कसा वाचायचा, हे सांगण्यासाठी हा लेख. नुकते कामाला लागलेले तरुण तंत्रज्ञ आणि छोटे पुरवठादार चालवणारे मालक, दोघांनाही कळेल असा लिहायचा प्रयत्न आहे.

बीजीपी नेमकं काय करतं

इंटरनेट म्हणजे एक अखंड जाळं नव्हे. सत्तर हजारांहून जास्त स्वतंत्र जाळी एकमेकांना जोडलेली आहेत. प्रत्येकाला ओळखीचा एक क्रमांक असतो, त्याला एएस क्रमांक म्हणतात. बीजीपी म्हणजे या जाळ्यांनी एकमेकांना रस्ते सांगायची पद्धत: ‘अमुक पत्त्यांकडे जायचं असेल तर माझ्याकडून जाता येईल, वाटेत ही ही जाळी लागतील.’ जानेवारी 1989 मध्ये ऑस्टिनच्या एका बैठकीदरम्यान कर्क लॉहीड आणि याकोव रेख्टर यांनी याचा पहिला आराखडा कागदी नॅपकिनांवर मांडला होता. आज चालतं ते चौथं रूप, आणि त्याचे नियम 2006 च्या आरएफसी 4271 या प्रमाण-दस्तऐवजात आहेत.

दोन राउटरांमध्ये बीजीपीचं सेशन टीसीपीच्या 179 क्रमांकाच्या पोर्टवर उभं राहतं. सेशन जिवंत आहे हे कळावं म्हणून दोघे एकमेकांना ठरावीक अंतराने 19 बाइटचा एक छोटासा निरोप पाठवतात, त्याला कीपअलाइव्ह म्हणतात. सिस्कोच्या राउटरवर मुळात हे अंतर 60 सेकंदांचं असतं. 180 सेकंद समोरून काहीच ऐकू आलं नाही, तर समोरचा गेला असं मानून सेशन तोडलं जातं. या 180 सेकंदांना होल्ड टाइम म्हणतात. काही कंपन्यांच्या राउटरवर तो 90 असतो. दोघांचा वेगळा असला तर जो कमी तो लागू होतो. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे त्यांच्यावरच बरंच काही ठरणार आहे.

पूर्ण टेबल, म्हणजे साऱ्या इंटरनेटचे रस्ते, घेणाऱ्या राउटरकडे आजच्या घडीला आयपीव्ही4 चे सुमारे दहा लाख रूट असतात. सेशन तुटलं की त्या पिअरकडून (म्हणजे पलीकडच्या राउटरकडून) आलेले सगळे रूट काढायचे, प्रत्येक पत्त्यासाठी दुसरा चांगला रस्ता शोधायचा, तो फॉरवर्डिंग टेबलमध्ये, म्हणजे पॅकेट पाठवताना बघायच्या यादीत, भरायचा, इतर पिअरना कळवायचं. सेशन परत उभं राहिलं की हेच सगळं उलट्या दिशेने. दहा लाखांच्या हिशोबात हे काम भारी आहे आणि ते सीपीयूवरच पडतं.

सियागंजातल्या एखाद्या घाऊक पेढीवर हमाल पोती हलवत असतात आणि मुनीम वही लिहीत असतो. मोठ्या राउटरमध्ये पॅकेट हलवणारी चिप वेगळी आणि रस्त्यांचा हिशोब ठेवणारा सीपीयू वेगळा, अशीच विभागणी असते. पोतं हलवताना हमाल मुनिमाला विचारत नाही, म्हणून पेढी चालते. पण काही कारणाने प्रत्येक पोत्यासाठी मुनिमाला उठावं लागलं, तर वही मागे पडते. छोट्या, स्वस्त राउटरमध्ये तर मुनीम आणि हमाल एकच असतो. तिथे रहदारी वाढली की रस्त्यांचा हिशोब रखडणारच.

आता दुष्टचक्र कसं तयार होतं ते बघा. सीपीयू इतका अडकला की कीपअलाइव्ह वेळेवर गेले नाहीत. समोरच्याचा होल्ड टाइम संपला, त्याने सेशन तोडलं. सगळे रूट गेले. सेशन परत उभं राहिलं, दहा लाख रूट परत आले, सीपीयू आणखी अडकला. आता मूळ कारण दूर झालं तरी हे चाक स्वतःच्या जोरावर फिरत राहू शकतं.

लॉगमधली एक ओळ

राउटरला हात लावण्याआधी सेशन तुटल्याची ओळ शोधा. सेशन तोडताना बीजीपी समोरच्याला कारण सांगून जातं, त्याला नोटिफिकेशन म्हणतात. कारणाचा आकडा 4 असेल तर होल्ड टाइम संपला. 6 असेल तर कुणीतरी ठरवून सेशन थांबवलं. त्यातही 6/1 दिसलं तर ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त रूट आले म्हणून तोडलं. 6/2 म्हणजे समोरच्या इंजिनिअरने स्वतः बंद केलं. आणि नोटिफिकेशनच नसेल, नुसता इंटरफेस डाउन झाल्याची ओळ असेल, तर बीजीपीकडे बघूच नका. फायबर, एसएफपी मोड्यूल (राउटरला फायबर जोडायचा छोटा भाग), वीज यांकडे वळा.

यातली सर्वात मोलाची, आणि सर्वात दुर्लक्षित, गोष्ट म्हणजे हे नोटिफिकेशन आपण पाठवलं की आपल्याला आलं. लॉगमध्ये ‘सेंट’ किंवा ‘रिसीव्ह्ड’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. होल्ड टाइम संपल्याचा निरोप आपण पाठवला असेल, तर आपल्याला समोरचं ऐकू येत नव्हतं. दोष त्यांच्याकडे किंवा मधल्या वाटेत असण्याची शक्यता जास्त. तो निरोप आपल्याला आला असेल, तर त्यांना आपलं ऐकू येत नव्हतं. मग संशयित आपला सीपीयू किंवा आपली बाहेर जाणारी, ओसंडून वाहणारी लिंक. अर्धा तपास या एका शब्दात होतो.

यानंतर सीपीयूचा आलेख त्याच वेळेशी जुळवून बघायचा. समजा सेशन रात्री 9:14 ला तुटलं. सीपीयू 9:14 पर्यंत 30 टक्क्यांवर शांत होता आणि नंतर उसळला, तर तो बिचारा रूट भरण्याचं काम करतोय. त्याला दोष देऊन नवा राउटर घ्यायची गरज नाही. पण सीपीयू 9:09 पासूनच शंभरावर असेल, तर सेशन त्याने मारलं. दर पाच मिनिटांनी सरासरी काढणारे मॉनिटरिंगचे आलेख इथे फसवतात, कारण अर्ध्या मिनिटाची उसळी त्या सरासरीत बुडून जाते. सिस्कोवर ‘शो प्रोसेसेस सीपीयू हिस्टरी’ ही कमांड शेवटचे 60 सेकंद, 60 मिनिटं आणि 72 तास असं तिन्ही दाखवते, ती वापरा.

हे सगळं घड्याळ बरोबर असेल तरच जमतं. एनटीपी, म्हणजे नेटवरून घड्याळ जुळवायची सोय, लावलेली नसते, राउटर एकदा बंद होऊन चालू झाला की तारीख 1970 दाखवतो, आणि मग कोणती घटना आधीची हे कुणालाच सांगता येत नाही. शिवाय पुष्कळ राउटरांवर लॉग फक्त मेमरीत असतो. रीबूट केलं की पुरावा गेला. म्हणून लॉग दुसऱ्या एखाद्या मशीनवर पाठवून ठेवणं आणि एनटीपी चालू करणं ही दोन कामं आजच, सगळं सुरळीत असताना करून ठेवा.

दर तीन मिनिटांनी

सेशन किती अंतराने तुटतं हेच पुष्कळदा रोगाचं नाव सांगतं. बरोबर तीन मिनिटांनी, किंवा होल्ड टाइम 90 असेल तर दीड मिनिटाने, सेशन तुटत असेल तर सगळ्यात आधी एमटीयू, म्हणजे वाटेतून जाऊ शकणाऱ्या सर्वात मोठ्या पॅकेटची लांबी, तपासा.

हा प्रकार आमच्याकडे नेहमीचा आहे. कुठेतरी रस्ता खणताना फायबर कापली जाते. अपस्ट्रीमवाले, म्हणजे ज्यांच्याकडून आपण इंटरनेट घेतो ते मोठे पुरवठादार, लाइन दुसऱ्या मार्गाने फिरवतात. लिंक येते, पिंग लागतो, बीजीपी उभं राहतं, सगळे निश्चिंत होतात. आणि तीन मिनिटांनी सेशन पडतं. होतं असं, की नव्या मार्गावरचा एखादा स्विच 1500 बाइटचं पूर्ण पॅकेट पुढे जाऊ देत नाही, कारण मध्ये व्हीलॅन किंवा एमपीएलएसचा टॅग लागून त्याची लांबी वाढलेली असते. सेशन उभं करणारी पॅकेट छोटी, ती जातात. साधा पिंगही छोटा, तोही जातो. पण समोरून रूटची यादी यायला लागली की पॅकेट काठोकाठ भरलेली असतात, ती वाटेत गळतात. टीसीपी क्रम मोडत नाही. हरवलेलं पॅकेट पोहोचल्याशिवाय त्याच्या मागचं काहीच बीजीपीच्या हाती लागत नाही. म्हणजे 19 बाइटचा कीपअलाइव्हसुद्धा त्या मोठ्या पॅकेटच्या मागे रांगेत अडकतो. 180 सेकंद मोजून होतात आणि सेशन तुटतं.

ओळखायची खूण सोपी आहे. सेशन ‘एस्टॅब्लिश्ड’ दिसतं, पण आलेल्या रूटचा आकडा शून्यावर किंवा थोड्याशा रूटवर अडकलेला असतो आणि सीपीयू शांत असतो. खात्रीसाठी अपस्ट्रीमच्या पत्त्यावर 1500 बाइटचा पिंग करा, पॅकेटचे तुकडे करायचे नाहीत ही अट लावून. तो गेला नाही, मग 1400 चा केला आणि गेला, की प्रश्न मिटला. हा आकडा अपस्ट्रीमला कळवा. दुरुस्ती त्यांनाच करायची आहे. तोवर निभावून न्यायला आपल्या बाजूने टीसीपीचा एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमध्ये भरायच्या मजकुराची मर्यादा, कमी करता येतो.

दर मिनिटाला

दुसरा प्रकार जास्त चकवा देतो. सेशन आठवडाभर अखंड चालू आहे, लॉगमध्ये तुटल्याची एकही ओळ नाही, तरी रूटचं वय बघितलं तर ते कधीच मिनिटाच्या वर जात नाही. सीपीयू मात्र चढलेला.

इथे नेक्स्ट हॉपचा, म्हणजे पुढच्या टप्प्याच्या पत्त्याचा, घोळ असतो. बीजीपीने मिळालेला प्रत्येक रूट सांगतो, ‘पुढे या पत्त्याकडे दे’. त्या पत्त्यापर्यंत कसं जायचं हे राउटरला आधीपासून दुसऱ्या मार्गाने माहीत असावं लागतं. समजा तिथे जाण्यासाठी एक स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहून ठेवलेला रस्ता, आहे. सेशन उभं राहिलं, आणि बीजीपीमधून त्याच पत्त्याचा आणखी नेमका रूट आला. राउटर नेहमी जास्त नेमका रूट निवडतो. आता नेक्स्ट हॉपचा रस्ता त्याच नेक्स्ट हॉपवरून जातो असं झालं. राउटरला हे वर्तुळ लक्षात येतं, तो रूट काढून टाकतो. रूट निघाला की स्टॅटिक रूट परत वर येतो, नेक्स्ट हॉप सापडतो, बीजीपीचा रूट परत बसतो. की पुन्हा वर्तुळ. सिस्कोच्या राउटरवरच्या जुन्या आयओएस प्रणालीत ही तपासणी बीजीपी स्कॅनर नावाची प्रोसेस दर 60 सेकंदांनी करते, म्हणून रूट मिनिटाच्या ठेक्यावर हलतात. उपाय एका ओळीचा: नेक्स्ट हॉपच्या नेमक्या पत्त्यासाठी /32 चा (फक्त त्या एकाच पत्त्याचा) स्टॅटिक रूट टाका, म्हणजे बीजीपी त्याहून नेमकं काही आणू शकणार नाही. किंवा तो रूट फिल्टरने आत येताच अडवा.

याच स्कॅनरबद्दल एक दिलासा. पूर्ण टेबल असलेल्या जुन्या राउटरवर दर मिनिटाला सीपीयू काही सेकंद वर जातो आणि खाली येतो. राउटरलाच पिंग केला तर त्या वेळी उत्तर उशिरा येतं. पण स्कॅनर कमी प्राधान्याने चालतो आणि राउटरमधून पलीकडे जाणाऱ्या रहदारीला त्याचा फरक पडत नाही. पिंगचे आकडे बघून घाबरू नका. राउटरच्या पलीकडच्या एखाद्या पत्त्याला पिंग करून बघा.

अंतराला काही ठेकाच नसेल, कधी सात मिनिटं, कधी दोन तास, तर वाट लिंककडे जाते. इंटरफेसवरचे सीआरसी एररचे (वाटेत खराब झालेल्या पॅकेटचे) आकडे आणि एसएफपीची प्रकाशाची पातळी बघा. रोज रात्री रहदारी टिपेला असतानाच होत असेल तर लिंक भरते आहे.

सीपीयू कोण खातंय

घड्याळाने सीपीयूकडेच बोट दाखवलं, तर पुढचा प्रश्न हा. सिस्कोवर ‘शो प्रोसेसेस सीपीयू सॉर्टेड’ दिलं की वर 95%/88% असे दोन आकडे दिसतात. पहिला एकूण भार, दुसरा त्यातला पॅकेट पुढे ढकलण्याचा. दोन्ही जवळजवळ असतील तर राउटर रहदारीने दमलाय. दुसरा अगदी कमी असेल तर एखादी प्रोसेस खातेय, आणि ती खालच्या यादीत पहिली असते. ‘बीजीपी राउटर’ वर असेल आणि राउटर नुकताच चालू झाला असेल, तर थांबा. पूर्ण टेबल बसेपर्यंत ते तसंच असतं. ‘आयपी इनपुट’ वर असेल तर पॅकेट मोठ्या संख्येने सीपीयूपर्यंत येताहेत, जी यायला नको होती.

12 ऑगस्ट 2014 ला जगभर हेच झालं होतं. आयपीव्ही4 च्या टेबलने 5,12,000 चा आकडा ओलांडला. पुष्कळ जुन्या राउटरांच्या चिपमध्ये मुळात तेवढीच जागा राखलेली होती. उरलेले रूट चिपमध्ये बसेनात, त्यांची पॅकेट सीपीयूकडे आली, आणि राउटर कोलमडले. नवा-जुना कोणताही राउटर घेताना तो किती रूट चिपमध्ये ठेवू शकतो, हे मेमरीच्या आकड्यापेक्षा आधी विचारायला हवं.

आपल्याकडच्या छोट्या पुरवठादारांकडे मायक्रोटिक कंपनीचे राउटर फार. त्यात एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. त्यांच्या राउटरओएस या प्रणालीच्या सहाव्या आवृत्तीत बीजीपी एकाच कोअरवर चालतं. 36 कोअरच्या राउटरवर तो एक कोअर पूर्ण भरला तरी एकूण सीपीयू तीन टक्क्यांच्या आसपासच दिसतो. मालक म्हणतात, राउटर तर रिकामा बसलाय. आणि सेशन मात्र होल्ड टाइम संपून पडत असतात. म्हणून एकूण आकडा सोडून प्रत्येक कोअर वेगळा बघा आणि ‘प्रोफाइल’ हे टूल चालवा. ‘राउटिंग’ वर असेल तर बीजीपी. ‘फायरवॉल’ वर असेल तर नियमांची लांबलचक यादी किंवा बाहेरून होणारा हल्ला. ‘डीएनएस’ वर असेल तर जवळजवळ नक्की ‘अलाउ रिमोट रिक्वेस्ट्स’ चालू आहे आणि 53 क्रमांकाचं पोर्ट साऱ्या जगाला उघडं आहे. बाहेरचे लोक आपला राउटर वापरून तिसऱ्यावरच हल्ला करताहेत. हे मी फार ठिकाणी बघितलंय. सोपं आहे, आजच बंद करा: 53 फक्त आपल्या ग्राहकांना, 179 फक्त आपल्या पिअरना, विनबॉक्स आणि एसएसएच (राउटरमध्ये लॉगइन करायचे मार्ग) फक्त आपल्या ऑफिसला.

काय करावं, काय टाळावं

छोट्या पुरवठादाराला माझा पहिला सल्ला नेहमी एकच असतो: पूर्ण टेबल खरंच हवंय का? अपस्ट्रीम एकच असेल तर सगळी पॅकेट शेवटी त्याच दारातून बाहेर जाणार. मग दहा लाख रूट ठेवून काय मिळतं? अपस्ट्रीमकडून फक्त डिफॉल्ट रूट, म्हणजे ‘बाकी सगळं इकडे द्या’ सांगणारा एकच रूट, मागा. दोन अपस्ट्रीम असतील तर दोघांकडून डिफॉल्ट, शिवाय त्यांच्या स्वतःच्या ग्राहकांचे रूट घ्या. पुष्कळ ठिकाणी नवा राउटर घ्यायचा खर्च एवढ्यानेच टळतो. आणि काहीही घेतलं तरी मॅक्सिमम प्रीफिक्सची (जास्तीत जास्त किती रूट घ्यायचे याची) मर्यादा लावा, म्हणजे समोरच्याच्या चुकीने रूटचा पूर आला तर आपला राउटर बुडणार नाही.

सेशन हलतंय म्हणून होल्ड टाइम दहा सेकंदांवर आणण्याचा मोह होतो, बिघाड लवकर कळावा म्हणून. सीपीयू आधीच दमलेला असेल तर हे उलटं पडतं. जो राउटर 180 सेकंद तग धरत होता तो आता छोट्या उसळीलाही पडेल. 900 मिलिसेकंदांवर लावलेल्या बीएफडीचंही (लिंक तुटल्याचं झटपट ओळखणाऱ्या सोयीचंही) तेच. आधी सीपीयू मोकळा करा, मग वेळा घट्ट करा.

सगळी सेशन एकदम क्लिअर करणारी कमांड टाळाच. फिल्टर बदलला असेल तर सॉफ्ट क्लिअर करा. त्यात सेशन न तोडता समोरून रूट परत मागवले जातात. ही सोय 2000 च्या आरएफसी 2918 पासून आहे. सेशन न तोडण्याला आणखी एक कारण आहे. आपले रूट वारंवार येत-जात राहिले तर दूरचं एखादं जाळं आपल्याला काही काळ वाळीत टाकू शकतं. याला फ्लॅप डॅम्पिंग म्हणतात. सिस्कोच्या मूळ आकड्यांत रूट एकदा गेला की 1000 दंड, 2000 ओलांडला की रूट बंद, दंड दर 15 मिनिटांनी निम्मा होतो आणि 750 च्या खाली आला की रूट परत सुरू. लागोपाठ तीनदा सेशन पाडलंत तर दंड 3000 च्या आसपास जातो. तो 750 वर यायला दोनदा निम्मा व्हावा लागतो, म्हणजे अर्धा तास. आपल्याकडे सगळं दुरुस्त झालेलं असतं, आणि भंवरकुआंच्या हॉस्टेलमधल्या मुलाची परीक्षेची साइट तरी उघडत नसते. हे आकडे फार कडक आहेत म्हणून 2014 च्या आरएफसी 7196 ने 2000 ची पातळी किमान 6000 करायला सांगितलं. पण जुने आकडे ठेवलेलं एखादं जाळं वाटेत भेटणारच नाही, असं धरून चालू नका.

शेवटी अपस्ट्रीमला तक्रार लिहायची वेळ येते. ‘नेट सारखं जातंय, लवकर बघा’ असं लिहिलं तर उत्तर येतं, ‘आमच्या बाजूने सगळं ठीक आहे.’ त्याऐवजी सेशन तुटल्याच्या नेमक्या वेळा लिहा, भारतीय वेळ असं नमूद करून. नोटिफिकेशनचा आकडा आणि ते कुणी पाठवलं ते लिहा. त्या वेळी आपला सीपीयू किती होता, 1500 चा पिंग गेला की नाही, इंटरफेसवर एरर वाढले की नाही, प्रकाशाची पातळी किती, हेही त्याच मेलमध्ये द्या. मग पलीकडच्या इंजिनिअरला आपल्याला परत फोन करून माहिती विचारावी लागत नाही, तो सरळ आपला लॉग उघडून त्या वेळेची ओळ बघतो.